मुलीच्या वाट्याचा किनारा

कान तुरा, फोर्मेंतेरा बेट
१४ फेब्रुवारी १९६५

ताई,

आधी खुर्चीवर बस आणि मग वाच. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. सगळे ठणठणीत आहेत. पेपाचे गुडघे कुरकुरतात, पण ते आमच्या लग्नाच्या दिवसापासूनच कुरकुरताहेत.

बातमी अशी, की तुझ्या वाट्याच्या किनाऱ्यावर माणसं राहून गेली! हो हो, तोच काला एस्कोर. आठवतंय ना, बाबांचं मृत्युपत्र वाचलं तेव्हा घर, शेत, अंजिरं नि मेंढरं माझ्याकडे आली, मुलगा म्हणून मी पडलो वारस. तुला मिळाली ती वाळूची पट्टी आणि होडीची खोपी. तू नोटरीच्या तोंडावर विचारलंस, "मी काय वाळू भाजून खाऊ?" तो नोटरी अजून लोकांना हे सांगून हसवतो.

तर सप्टेंबरात इबिझाच्या बोटीतून एक जर्मन जोडपं उतरलं. बाई शाळामास्तरीण आहे, नाव क्रेसबाई. नवरा काय करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही, नुसता बसून असतो. दोघं गावभर खोली विचारत हिंडत होते. आपल्या गावात कुठली खोली? मी थट्टेत म्हटलं, "समुद्रावर आमच्या ताईची खोपी आहे, जाळी बाजूला सारा आणि झोपा." तर खरंच झोपले की! एक ना दोन, तीन आठवडे. पेपा रोज त्यांना मासे-बटाट्याचं कालवण नेऊन द्यायची. निघताना बाईच्या डोळ्यांत पाणी. मी विचारलं, "बाई, इथे वीज नाही, नळ नाही, विहीर खारट. तुम्हाला आवडलं तरी काय?" तर म्हणते, "इथे मला कोणी काही विकायला येत नाही." घ्या! आपल्या दारिद्र्यालाही गिऱ्हाईक आहे.

आता मुद्द्याचं. क्रेसबाई पुढच्या वर्षी मैत्रिणींना घेऊन येणार आहे. खोपीच्या जागी चार खोल्या आणि एक स्वयंपाकघर बांधावं म्हणतो. जागा तुझी, राबणं माझं. तू हो म्हणालीस तर उद्यापासून दगड आणायला लागतो.

तक्रार एकच होती, समुद्रगवताची. ठाऊक आहेच तुला, वादळानंतर कमरेएवढे तपकिरी ढीग येऊन पडतात आणि उन्हं तापली की कुजून वास मारतात. क्रेसबाई नाकाला रुमाल लावून त्यावरून जायची. त्याचं काहीतरी बघू.

तुझा,
शुमेउ

•

मोंतेविदेओ
९ मे १९६५

शुमेउ,

पत्र बसूनच वाचलं. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभं राहून दोनशे पोरांचं कालवण ढवळते, तेव्हा बसायला निमित्त मिळालं की मी सोडत नाही.

मला विधवा करून रफेल गेल्याला आता दीड वर्ष झालं. लोक म्हणाले सवय होईल. सवय झाली, पण बरं काही वाटत नाही. लेकीचं, इसाबेलचं, तिच्या संसारात चाललंय, ती आठवड्यातून एकदा येते नि घड्याळाकडे बघत बसते. तिला बोल लावत नाही. मीही अशीच निघून आले होते ना आईला सोडून.

खोल्या बांध. माझी हरकत नाही. पण एक अट आहे आणि ती तू नीट वाच, नेहमीसारखी अर्धी वाचू नकोस. पश्चिमेच्या कोपऱ्यातली खोली माझी. दार समुद्राकडे. ती कोणाला द्यायची नाही, क्रेसबाईला नाही की तिच्या मैत्रिणींना नाही. हातपाय चालताहेत तोवर इथे राबेन, मग तिथे येऊन राहीन. जगात माझ्या नावावर तेवढी एकच जागा आहे, शुमेउ. वाळू तर वाळू, पण माझी आहे. कुणाच्या घरात आश्रित म्हणून मला मरायचं नाही, तुझ्याही नाही. राग मानू नकोस. पेपा चांगली आहे, पण एका चुलीवर दोघींचं भांडं नको.

गवताचं "काहीतरी बघू" म्हणजे काय बघणार आहेस? बाबा काय करायचे ते आठवून बघ.

मार्गालिदा

•

कान तुरा
२० ऑक्टोबर १९६६

ताई,

पहिला हंगाम पार पडला आणि मी अजून जिवंत आहे! चार खोल्या उभ्या राहिल्या. भिंतीला चुना, दारांना निळा रंग. बाहेर वेताचा मांडव घातलाय, त्याखाली सहा टेबलं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एक दिवस खोली रिकामी नव्हती.

येतात ती माणसं मोठी गमतीची. सकाळी उठतात, समुद्र बघतात, अंगाला तेल चोळतात, परत समुद्र बघतात. एका डॉक्टरानं पेपाला हात जोडून सांगितलं, "कृपा करून रेडिओ लावू नका." आमच्याकडे रेडिओच नाही हे कळल्यावर त्यानं आणखी दहा दिवस मुक्काम वाढवला. सुकवलेल्या माशाचं आपलं कोशिंबिरीसारखं खाणं, जे आपण हिवाळ्यात दुसरं काही नसलं की खायचो, ते पाहुणे बोटं चाटत खातात नि कृती लिहून नेतात. पेपा हल्ली मान ताठ करून चालते.

आणि गवताचा कायमचा बंदोबस्त केला! समुद्राकाठच्या आम्ही सात घरांनी समिती काढली, अध्यक्ष कोण ते सांगायला नको. मार्चमध्ये आठ खेचरं, आठ गाड्या जुंपल्या आणि बारा दिवसांत अख्खा किनारा पार तळापासून खरवडून साफ केला. सगळं नेऊन जुन्या खाणीत ओतलं. काय सांगू तुला, पांढरीशुभ्र वाळू! धुतलेल्या चादरीसारखी. बाबांनी बघायला हवी होती. आपली म्हातारी माणसं आळशी होती, ताई. शंभर वर्षं त्या घाणीवरून चालत गेली, पण हात लावला नाही.

सोबत फोटो पाठवतोय. तुझी खोली उजव्या हाताची, कोपऱ्यातली. ती तशीच ठेवलीय.

शुमेउ

•

मोंतेविदेओ
३ जानेवारी १९६७

समितीच्या अध्यक्षांस,

फोटो पोचला. मी तो खिडकीशी नेऊन भिंग लावून पाहिला. माझ्या खोलीच्या दारावर एक पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल वाळत घातलाय आणि उंबऱ्यावर बायकांच्या चपला आहेत. पेपाचा पाय तेवढा मोठा नाही. कोण राहतं तिथे? माझ्याशी खोटं बोलायचं असलं, तर फोटो पाठवत जाऊ नकोस. लहानपणी अंजिरं चोरलीस तेव्हाही ओठांना चीक लावूनच घरी आला होतास.

ते राहू दे. गवताचं मात्र मी राहू देणार नाही.

बाबा आळशी होते? गोठ्यात पसरायला, छपरात घालायला ते गवत लागायचं तेव्हा बाबा कसे आणायचे, आठव. ईस्टर उलटल्यावर. फक्त वरचं, वाळलेलं. आणि दाताळ्यानं उचललं की दर वेळी ते झटकून, वाळू खाली पाडून मगच गाडीत टाकायचं. आईनं एकदा घाईत न झटकता टोपली भरली, तर बाबांनी ती भर उन्हात परत नेऊन ओतायला लावली. खालच्या ओल्या थराला तर कोणी हातच लावायचा नाही. का, ते मी विचारलं नाही. त्या काळी मुली विचारत नसत. पण सातही घरांचे म्हातारे तसंच करायचे, आणि सातही म्हातारे एकाच वेळी मूर्ख असणं जरा कठीण आहे.

पुढच्या मार्चमध्ये खेचरांना विश्रांती दे. वास येतो तर येऊ दे. ज्याला नाक सोसत नसेल त्यानं डोंगरावर जावं.

आणि माझी खोली रिकामी कर.

मार्गालिदा

•

काला एस्कोर
११ नोव्हेंबर १९६९

ताई,

पत्र लिहायला फार उशीर झाला. तीन वर्षं. तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं होतं, पण दिवसाला तास पुरत नाहीत आणि खरं सांगायचं तर तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

खोली दिली होती मी. क्रेसबाईच्या बहिणीला. कोपऱ्यातली खोलीच सगळ्यांना हवी असते, काय करू? पण तू येशील त्या दिवशी ती तुझी, आईची शपथ.

आता खोल्या अठरा झाल्यात. वीज आली. बार्सेलोनाच्या एका प्रवासी कंपनीनं आपलं नाव पुस्तकात छापलंय, "भूमध्य समुद्रावरचा शेवटचा शांत किनारा" म्हणून. शांतता बघायला इतकी माणसं येतात, की ऑगस्टात टेबलासाठी रांग लागते. क्रेसबाई यंदा आली नाही. पत्र धाडलं होतं तिनं, की आता दुसरीकडे जाते, तुमच्याकडे फार गर्दी झाली. असतात एकेक नखरे.

गवताचं म्हणशील तर आता ट्रॅक्टर आहे. बारा दिवसांचं काम दोन दिवसांत होतं. तुझं म्हणणं मी समितीपुढे मांडलं, खोटं नाही सांगत. समितीतला व्हिसेंत म्हणाला, "तुझी ताई अमेरिकेत बसून आपल्याला समुद्र शिकवणार?" सगळे हसले. मीही हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं.

गेल्या हिवाळ्यापासून समुद्र जरा जवळ आलाय. टेबलं अगदी पाण्यालगत लागतात. पाहुण्यांना ते फार आवडतं, जेवताना पायावर तुषार उडतात. कंपनीनं त्याचाही फोटो छापला.

तुझा,
शुमेउ

•

मोंतेविदेओ
२ ऑगस्ट १९७१

शुमेउ,

थोडक्यात लिहिते. इसाबेल नवऱ्याबरोबर ब्वेनोस आयरेसला गेली. मला चल म्हणाली, पण म्हणताना नवऱ्याकडे बघत होती. शाळेनं मला निरोप दिला, एक घड्याळ दिलं. ज्याला आता वेळेचं काही कामच नाही त्याला घड्याळ देतात, बघ.

घर विकलं, नवा मालक वर्षभर इथेच राहू देणार आहे. पुढच्या वर्षी सप्टेंबरात बोटीत बसते, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे. म्हणजे आता मला परत फिरायला जागा नाही, हे ध्यानात ठेव.

तुझं "समुद्र जरा जवळ आलाय" हे वाक्य मी दोन वर्षं चघळते आहे. एकच विचारते, एकाच आकड्यात उत्तर दे. लहानपणी खोपीच्या दारापासून पाण्यापर्यंत माझी साठ पावलं व्हायची. आता किती होतात?

मार्गालिदा

•

काला एस्कोर
५ सप्टेंबर १९७१

ताई,

तू येतेस हे वाचून पेपा रडली आणि मग लगेच तुझ्यासाठी गादी भरायला बसली. तोनीला सांगितलंय, आत्याच्या खोलीला नवा चुना लाव.

चाळीस होतात. लहान मुलीची पावलं लहान असतात, त्यामुळे तसं बघता फारसा फरक नाही.

बाकी सगळं क्षेम.

शुमेउ

•

कान तुरा
२३ जानेवारी १९७२

ताई,

अकरा होती.

तुला लिहिलं त्या दिवशी मी दारातून चालत गेलो आणि मोजली, अकरा झाली. परत मोजली, तरी अकरा. मग टेबलाशी येऊन चाळीस लिहिलं. वाटलं, एखादा हिवाळा शांत गेला तर वाळू परत येईल आणि तुला कळणारही नाही. बावन्न वर्षांचा घोडा झालो, पण ओठांचा चीक काही पुसला गेला नाही.

आता एकही नाही. सहा तारखेला नैर्ऋत्येचा वारा सुटला आणि तीन दिवस थांबला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लाटा मांडवात शिरल्या. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या खोलीची समुद्राकडची भिंत बसली, आम्ही सगळे बघत उभे होतो. आवाजसुद्धा फार झाला नाही. आता तिथे वाळू नाहीच. खाली खडक आणि लाल माती उघडी पडलीय. आपल्या बाबांनी, त्यांच्या बाबांनीही कधी पाहिली नसेल ती माती.

पाल्माहून एक इंजिनियर येऊन बघून गेला. शांत माणूस. मला म्हणाला, "इथलं गवत कुठे टाकता?" मी खाणीवर नेलं. त्यानं काठीनं ढीग उकरला. वरचं गवत कुजून गेलं होतं आणि खाली वाळू, नुसती वाळू! अख्खी खाण भरलेली. म्हणाला, "हा घ्या तुमचा किनारा. हिवाळ्यातल्या लाटा गवताच्या ढिगावर आपटतात नि तिथेच थकतात, वाळू तिथेच टाकून जातात. तो ढीग तुम्ही उचललात, आणि दर गाडीबरोबर थोडी वाळूही नेलीत." सहा वर्षं मी माझ्या हातानं, पुढे उभा राहून, तुझा किनारा गाड्या भरभरून नेऊन खाणीत टाकला, ताई. नि त्याला स्वच्छता म्हटलं.

बाबा गवत का झटकायचे ते मला त्या खाणीच्या काठावर कळलं. फार उशिरा कळलं.

कंपनीनं पुस्तकातून नाव काढलं. व्हिसेंत म्हणतो, बाहेरून वाळू आणून ओतू. ओत म्हटलं, नि पुढच्या वादळात समुद्राला परत दे.

मी तुझं नुकसान भरून देऊ शकत नाही, हे मला कळतं. माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट आहे. कान तुरा तू घे. घर, टाकं, अंजिरं, मागचं शेत. मी आणि पेपा समुद्रावर जाऊन राहू, अठरापैकी सात खोल्या अजून उभ्या आहेत. आपल्या बेटावर वारसानं बहिणीला घर दिल्याचं कोणी ऐकलेलं नाही. हसतील. हसू देत.

शुमेउ

•

मोंतेविदेओ
१४ फेब्रुवारी १९७२

शुमेउ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा तुला इतक्या शिव्या घातल्या, की शेजारीण दार वाजवून विचारून गेली. तिसऱ्यांदा नीट वाचलं.

मी लिहीन असं तुला वाटलं असेल, की "नको रे भाऊ, बाबांचं घर मी कशी घेऊ, तुझं मन मोठं, मला तेवढंच पुरे." पेपालाही तसंच वाटलं असेल. तर तसं नाही. मी घर घेते. ऑक्टोबरच्या दहा तारखेला नोटरीकडे कागद तयार ठेव. किनारा तुझ्या नावावर, कान तुरा माझ्या नावावर. अदलाबदल.

तोवर समुद्रगवताच्या एका काडीला हात लावायचा नाही.

मार्गालिदा

•

काला एस्कोर
१९ मार्च १९७३

ताई,

दोन मैलांवर राहून पत्र लिहितोय, म्हणजे बघ. पण तू खाली येत नाहीस नि मला वर यायला जमत नाही. फाटकाशी आलो की वाटतं, आपल्याच घरी पाहुणा कसा जाऊ? मीठवाल्याच्या गाडीतून पाठवतो.

गावात काय बोलतात ते कानावर येत असेलच. बारमध्ये व्हिसेंत म्हणाला, "बहिणीनं वारसाला हाकललं, आता तो खेकड्यांचा वारस." मी पैसे ठेवून घरी आलो.

गेला हिवाळा आम्ही इथेच काढला. भिंती ओल धरतात. पेपाचे गुडघे आता खरंच दुखतात, ती तक्रार करत नाही म्हणून जास्त वाईट वाटतं. नोव्हेंबरात गवत आलं. डिसेंबरात आणखी आलं. आता गुडघाभर थर आहे, खडक झाकले गेलेत. वास असा सुटलाय, की जेवताना दार लावून घ्यावं लागतं.

परवा सकाळी ट्रॅक्टर आला. समितीनं धाडला होता. ईस्टरला नवीन कंपनीचा माणूस बघायला येणार आहे, त्याच्या आधी एकदा, फक्त एकदाच, साफ करू या, असं व्हिसेंतचं म्हणणं. ड्रायव्हर म्हणाला, "शुमेउकाका, बाजूला व्हा, मला पाचपर्यंत परतायचंय." मी झालो नाही. मग व्हिसेंत स्वतः आला. म्हणाला, "या वासात कोण येऊन राहणार आहे? सहा घरांच्या पोटावर पाय देतोयस तू." मी म्हटलं, "माझ्याही पोटावर दिलाय, व्हिसेंत. मला आता वर घर नाही, शेत नाही. हेच आहे. हे गेलं तर मी पेपाला घेऊन कुठे जाऊ?" त्यानं माझ्या मागच्या पडक्या भिंतीकडे पाहिलं. मग ट्रॅक्टर वळवायला सांगितलं. जाताना एवढंच म्हणाला, "अध्यक्ष दुसरा बघतो." बघ म्हटलं.

या हंगामात कोणी येणार नाही. पुढच्याही नाही बहुतेक. जाळं दुरुस्त केलंय, मासे मिळतात, दोघांना पुरतं.

एक मनातलं लिहितो. तू घर रागानं घेतलंस हे मला माहीत आहे. मला शिक्षा म्हणून. माझी तक्रार नाही. मी अकराचे चाळीस केले होते, तेव्हा ही शिक्षा तशी कमीच आहे. फक्त तू कधीतरी खाली येशील का, एवढंच पेपा विचारते. मीही विचारतो.

शुमेउ

•

कान तुरा
२ एप्रिल १९७३

शुमेउ,

ट्रॅक्टरचं मला तुझ्या पत्राआधीच कळलं होतं. व्हिसेंतची बायको सांगून गेली. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. आनंदानं म्हण हवं तर.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. अजूनही रात्री जाग आली की येतो. समुद्राची गाज ऐकत म्हातारपण काढायचं म्हणून मी पंचवीस वर्षं परक्या मुलखात कालवण ढवळलं, आणि इथे येऊन बघते तर खिडकीतून अंजिराची झाडं नि तुझी मेंढरं. एक बोकड तर सारखा माझ्याकडेच बघत असतो. पण घर मी रागानं घेतलं नाही.

तू लहानपणापासून पश्चात्ताप फार सुंदर करतोस. आईच्या पायाशी बसायचास, डोळे पुसायचास, आई विरघळायची नि चार दिवसांनी तू परत अंजिराच्या झाडावर. मी घर नको म्हटलं असतं, तर तुझं मन हलकं झालं असतं. मग व्हिसेंत आला असता, म्हणाला असता, फक्त एकदाच साफ करू. आणि तू म्हणाला असतास, बरं, एकदाच. का म्हणाला नसतास? तुला वर घर होतं, शेत होतं. वाळू माझी होती. दुसऱ्याची वाळू गाडीत भरताना हात जड होत नाही, शुमेउ. म्हणून तुझ्याकडे दुसरं काहीच उरू नये, एवढंच मी पाहिलं. त्या दिवशी तू ट्रॅक्टरपुढे उभा राहिलास तो चांगुलपणानं नाही. तुला जायला दुसरी जागा नव्हती म्हणून. मला तेच हवं होतं.

आता दुसरं. ऑक्टोबरात तू कागदावर सही करून तडक निघून गेलास, मागे वळूनही पाहिलं नाहीस. मी नोटरीकडे आणखी थोडा वेळ बसले. माझ्यामागे कान तुरा तोनीचं आहे, सगळं लिहून ठेवलंय. पेपाला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे, ती बाहेर बाकावर माझीच वाट बघत थांबली होती. तुला सांगायचं नाही असं तिनेच ठरवलं. म्हणाली, "ताई, त्यांना एक हिवाळा तरी कळू देऊ नका, नाहीतर पुन्हा समितीत जाऊन बसतील." तिला मी उगाच एका चुलीचं बोलले होते. बाई हुशार आहे. तिला ओलीत ठेवू नकोस, या आठवड्यातच वर पाठव. दोघींना दोन चुली आहेत इथे.

तू मात्र तिथेच राहा.

खाली का येत नाहीस म्हणून विचारतोस. मी आले होते. डिसेंबरात, तू इबिझाला गेला होतास तेव्हा. त्या पडक्या भिंतीशी उभी राहिले, आणि तो खडक नि ती लाल माती पाहून लगेच पाठ फिरवली. तसा किनारा मला पुन्हा बघायचा नाही, वाळू परत आली की येईन. मला घर नको होतं रे. मला समुद्र हवा होता, आणि अजूनही तोच हवाय. तू अजून धट्टाकट्टा आहेस, माझी साठी जवळ आली. तेव्हा जरा लवकर कर.

मार्गालिदा